जांभळीमागचं ऊन

कामशेतच्या बाजारात, खतांच्या दुकानावरच्या मजल्यावर कैलास शेलारचा स्टुडिओ आहे. पाटीवर 'कैलास डिजिटल' असं लिहिलंय आणि त्या अक्षरांच्या मागून चहूबाजूंना किरण फुटलेत. किरण ही कैलासची खूण. लग्न, बारसं, जागरण-गोंधळ, पुढाऱ्याचा वाढदिवस, बैलगाडा शर्यतीत पहिला आलेला बैल, काहीही त्याच्याकडं नेऊन द्या, त्याच्या मागून ऊन येणारच. टाकव्याच्या एका लग्नात रात्री दहाला रिसेप्शन होतं. त्याच्या व्हिडिओत कैलासनं नवरा-नवरीच्या पाठीमागून असं लखलखीत ऊन सोडलं, की नवरीच्या मामानं विचारलं, अहो, रात्री दहाला सूर्य कुठून उगवला. "मामा, ह्याला सिनेमॅटिक म्हणतात," कैलास म्हणाला. मामा गप्प बसले. ह्या शब्दापुढं माणसं गप्प बसतात हे कैलासनं तेव्हाच ओळखलं, आणि पुढं आपली जी शोभा झाली तिचं मूळ तिथंच आहे, असं तो स्वतःच सांगतो.

स्वतःची फजिती सांगायची त्याला भारी हौस. चहा मागवायचा, खुर्ची फिरवून घ्यायची आणि सुरुवात करायची, "एक शहाणा होता बरं का." हा शहाणा म्हणजे तोच.

तर हा शहाणा आधी तळेगावच्या एका कंपनीत ठेक्यावर होता. आठ तास एकाच आकाराच्या रबरी चकत्या मोजायच्या. टाळेबंदीत कंपनीनं घरी बसवलं तेव्हा त्यानं मोबाइलवर बघून बघून व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं. शिकवणारा माणूस कुठल्या देशाचा होता ते कैलासला अजून कळलेलं नाही. त्याची भाषा कळायची नाही, म्हणून कैलास फक्त त्याच्या माऊसच्या बाणाकडं बघत राहायचा. बाण जिकडं जाईल तिकडं आपला न्यायचा. अशा रीतीनं तीन महिन्यांत त्याला उजेडाचे झोत काढता येऊ लागले. करायचं एवढंच: चित्रातला उजळ भाग निवडायचा, उजेड कुठून निघतो ते दाखवणारा एक ठिपका ठेवायचा आणि त्या ठिपक्यापासून बाहेरच्या अंगाला तो उजेड ओढत न्यायचा, पाटावरची ओली हळद बोटानं ओढावी तसा. वर थोडी तरंगती धूळ सोडली की झोताला अंग येतं. ठिपका माऊसनं धरून कुठंही ठेवता येतो. डोंगरावर ठेवा, विहिरीत ठेवा, नवरदेवाच्या फेट्यामागं ठेवा. सॉफ्टवेअर विचारत नाही, बाबा, तिथं सूर्य असतो का.

कैलासचं गाव खांडवली, कामशेतहून आत नाणे मावळात आठ-नऊ किलोमीटर. गावात वाघजाईचं पूर्वेला तोंड केलेलं जुनं दगडी देऊळ आहे. दरवर्षी आठ, नऊ आणि दहा फेब्रुवारीला सकाळी सूर्य समोरच्या डोंगरावर आला, की पहिलं ऊन दारातून आत शिरतं आणि देवीच्या पायांवर पडतं. दोन-अडीच मिनिटं थांबतं आणि जातं. नोव्हेंबरातही एकदा पडत असणार, पण तेव्हा भाताची कापणी-झोडणी चाललेली असते, देवीचे पाय बघायला कुणाला सवड आहे. फेब्रुवारीत मात्र सगळा गाव पहाटे अंघोळी करून देवळात जमतो. त्या उन्हात देवीचे पाय बघितले की वर्ष बरं जातं अशी समजूत आहे.

गेली तीन वर्षं ते ऊन आलं नव्हतं. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, धुकं असेल. दुसऱ्या वर्षी म्हणाले, कुणाचं तरी सोवळं मोडलं असेल. तिसऱ्या वर्षी देवस्थान समितीचे अध्यक्ष हौशीरामआबा देवळाच्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी डोंगराकडं बोट केलं. आबा देहूरोडच्या लष्करी डेपोत अठ्ठावीस वर्षं काढून आलेले. त्यांना प्रत्येक गोष्टीचा कारणासकट अहवाल लागतो. त्यांच्या बोटापुढं डोंगराच्या धारेवर एक प्रचंड जांभळीचं झाड उभं होतं.

"ही वाढली," आबा म्हणाले. "हिनं ऊन अडवलं."

ते सगळ्यांना एकदम पटलं, आणि त्याला कारणही होतं. चैत्रात वाघजाईची जत्रा असते, तेव्हा पालखी निघायच्या वेळी सूर्य बरोब्बर त्या जांभळीच्या मागून वर येतो. गावातल्या लहानथोरांनी तो तसाच बघितलेला. सूर्य म्हटलं की जांभळीमागं, हे खांडवलीत शाळेत न जाताही ठाऊक असतं.

ती जांभळ देवस्थानच्या जमिनीत होती, पण तिच्यावर हात ठाकरवाडीच्या शिदूचा. धारेखालीच पाच-सहा घरांची ही वाडी. शिदूच्या आज्यापासून त्या झाडाची जांभळं त्याच्या घरात उतरतात आणि कार्ल्याच्या फाट्यावर पानाच्या द्रोणांतून लोणावळ्याला जाणाऱ्या गाड्यांना विकली जातात. शिदूची बायको चिमाबाई मेअखेरीपासून महिनाभर तिथं बसते. भात घरात खाण्यापुरतं होतं, बाकी वर्षाचं मीठमिरची, कपडालत्ता, औषधपाणी ह्या महिन्यावर. हे गावालाही ठाऊक होतं. म्हणूनच झाड तोडायचा विषय निघाला की दोन-चार माणसं खाली बघायची, आणि बैठक पुढच्या आठवड्यावर जायची.

आता इथं कैलासचा प्रवेश होतो, आणि प्रवेश झाला नसता तर बरं झालं असतं.

यंदा जानेवारीत हौशीरामआबा स्टुडिओत आले. म्हणाले, "कैलास, तू ते उन्हाचं काढतोस नव्हं? झाड न्हाई असं समज, आन् ऊन कसं येईल तेवढं दाखव. मान्सं डोळ्यानं बघितल्याबिगर हलत न्हाईत." कैलासच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कंपनीत चकत्या मोजणाऱ्याला आज देवीचं काम आलं होतं. शिदूचं नाव त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. पण तो म्हणतो, "मनात आलं आन् मी त्याला बसायला खुर्ची न्हाई दिली."

मागल्या चैत्रात जत्रेचं शूटिंग करताना त्यानं डोंगर, जांभळ आणि तिच्यामागचा सूर्य टिपून ठेवला होता. ते दृश्य त्यानं घेतलं, जांभळ पुसली, तिच्या जागी आभाळ भरलं. उजेडाचा ठिपका सूर्यावर ठेवला. तिथून एक झोत खाली सोडला, शेतांवरून, गावावरून, देवळाच्या दारातून आत. मग देवीचं दृश्य घेतलं आणि झोत पायांवर आणला. पायांवर तो जरा किरकोळ वाटला, म्हणून गुडघ्यांपर्यंत चढवला. गुडघ्यांपर्यंत आल्यावर तिथंच थांबवणं बरं दिसेना, म्हणून तोंडापर्यंत नेला. गावाच्या आठवणीत ऊन देवीच्या घोट्यावर कधी गेलेलं नव्हतं. कैलासनं चाळीस सेकंदांत ते मळवटापर्यंत नेलं, वर सोनेरी धूळ सोडली आणि खाली सनई लावली.

देवळात पडद्यावर व्हिडिओ लावला तेव्हा बायकांनी पडद्याला हात जोडले. एका म्हातारीनं पडद्यावर हळदकुंकू वाहिलं, ते अजून त्या कापडावर आहे. हौशीरामआबा मात्र डेपोतला माणूस. त्यांनी विचारलं, "हे खरंच असं यील का, का तुझ्या मनाचं?"

इथं कैलासला खरं बोलायची संधी होती. "मनाचं आहे" एवढे दोनच शब्द. पण समोर दीडशे माणसं हात जोडून बसलेली, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. तो म्हणाला, "आबा, कॉम्प्युटरनं सगळं गणित करूनच दाखवलंय."

गणिताचं नाव निघाल्यावर खाली बघणाऱ्या माणसांनी माना वर केल्या. रीतसर परवानगी आणून झाड सोमवारी, दोन फेब्रुवारीला उतरवायचं ठरलं. घरी आल्यावर कैलासची बायको प्रेरणा म्हणाली, "कॉम्प्युटरला गणित कधी शिकवलंत? तुम्हाला तर गॅस सिलिंडर कधी संपेल तेही कळत नाही." कैलासनं ते हसण्यावारी नेलं.

शनिवारी दुपारी शिदू स्टुडिओत आला. पायऱ्या चढून दारात उभा राहिला, वहाणा बाहेर काढल्या. सत्तरीचा, वाळका, डोक्याला पांढरं फडकं. कैलासला वाटलं, आता हा पाया पडणार, रडणार, आणि आपल्याला अवघडल्यासारखं होणार. शिदूनं तसलं काही केलं नाही.

"तुजा शिनेमा बगितला देवळात," तो म्हणाला. "चांगला हाये. पन त्यातलं ऊन चैतातलं हाये."

"म्हंजे?"

"सूर्य जांभळीमागनं निघतो त्यो चैतात, जत्रंला. माघात त्यो तितं नसतोच. त्यो उजव्या अंगाला सरकतो, कातळाची खोबन हाये ना, तितनं निघतो. जांभळीपासून दोन शेतं लांब. म्या रोज बगतो, माजं घरच त्याच्याखाली हाये."

कैलास मराठी चौथीत सूर्याचं उत्तरायण शिकला होता. पेपरात दोन मार्कांना आलेलं, त्यानं बरोबर लिहिलेलं. तरी त्या क्षणी त्याला राग आला. आपल्या पडद्यावरच्या सूर्याला एक अनवाणी माणूस चुकीचा ठरवतोय याचा राग. तो म्हणाला, "शिदूभाऊ, तुमचं झाड जातंय म्हनून तुमी असं बोलनारच."

"माजं न्हाई, देवीचं हाये," शिदू म्हणाला. "आमी खातो फकस्त." आणि वहाणा घालून खाली उतरला.

प्रेरणा मागं बसून कुणाच्या तरी पासपोर्टच्या फोटोतला शर्ट बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "गेल्या वर्षी आठ तारखेला तुम्ही देवळात कॅमेरा लावला होता ना? बघा की त्यात."

लावला होता खरा. देवीच्या पायांशी कॅमेरा ठेवून, दाराकडं तोंड करून, ऊन आत येताना टिपायचं म्हणून. ऊन आलंच नाही, म्हणून ते चाळीस मिनिटांचं शूटिंग त्यानं उघडूनही बघितलं नव्हतं. ज्यात ऊन नाही ते बघून काय करायचं, असा त्याचा हिशेब. आता त्यानं ते उघडलं.

दाराची काळी चौकट. तिच्यातून दिसणारं अंगण, अंगणापुढं रस्ता, मागं डोंगर. डावीकडं धारेवर जांभळ, अंधारात एका जागी गोळा होऊन बसलेली. मग आभाळ पिवळं होत गेलं, पण जांभळीमागं नाही. उजवीकडं, कातळाच्या खोबणीत. तिथं सूर्याची कड दिसली न दिसली, आणि सूर्य एका आडव्या काळ्या पाटीमागं गेला. तिथं बराच वेळ राहिला. पाटीच्या वर आला तोवर दाराची चौकट ओलांडून गेला होता.

ती पाटी कैलासच्या घरची होती.

चार वर्षांपूर्वी त्याचे वडील भिमाजी वारले. त्यांच्या नावानं देवळासमोर स्वागत कमान उभारायची असं कैलासनं ठरवलं. गवंडी म्हणाला बारा फूट पुरे. शेजारच्या गावची कमान तेरा फुटांची होती, म्हणून कैलास म्हणाला पंधरा. कमानीच्या माथ्यावर दोन्ही टोकांना दोन कळस आणि मध्ये लांब पाटी: 'कै. भिमाजी कोंडाजी शेलार यांच्या स्मरणार्थ'. कमान झाली आणि पुढच्याच फेब्रुवारीपासून ऊन यायचं बंद झालं. अख्ख्या गावानं तीन वर्षं डोंगर धुंडाळला आणि ह्या शहाण्यानं कॉम्प्युटर धुंडाळला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा, आणि इथं तर एक सोडून दोन कळसे.

आणखी एक गोष्ट त्याला पडद्यावर दिसली, ती तो सांगतो तेव्हा हसत नाही. सूर्य पाटीमागं होता तेव्हा बापाच्या नावाच्या चारी बाजूंनी किरण फुटले होते. अंगणातली खरी धूळ त्यांच्यात तरंगत होती. ते जाड-बारीक होते, मध्येच तुटलेले, एका अंगाला जास्त. कैलासनं आजवर हजारभर झोत काढले असतील, त्यातला एकही असा नव्हता.

आता खरं म्हणजे त्यानं तिथल्या तिथं हौशीरामआबांना फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही. पण सांगायचं काय? की गणित नव्हतं, नुसता ठिपका होता. की दीडशे माणसांनी ज्याला हात जोडले ते माझ्या मनाचं होतं. की देवीचं ऊन माझ्या बापाच्या नावानं अडवलंय, आणि ते नाव तीन फूट उंच मी नेलंय. रविवारी लोणावळ्याला एका बंगल्यावर लग्नाचं काम होतं. तिथं हळदीच्या मांडवात उभं राहून त्यानं आबांना पाच वेळा मेसेज लिहिला आणि पाच वेळा पुसला. सहाव्यांदा फक्त 'नमस्कार आबा' एवढंच पाठवलं. आबांनी उलट हात जोडलेलं चित्र पाठवलं. कैलासनं मनाशी ठरवलं, सोमवारी सकाळी आठला गाठू, तोंडानं सांगितलेलं बरं. झाड तोडणारी माणसं नऊच्या आधी कुठं येतात.

पण काम हौशीरामआबांचं होतं, आणि डेपोत भोंगा सातला व्हायचा. सोमवारी कैलास लॅपटॉप पाठीला लावून धारेची वाट चढू लागला तेव्हा साडेसात वाजले होते, आणि वरून यांत्रिक करवतीचा आवाज येत होता.

तो धावला. त्याचं वजन बघता याला धावणं म्हणायचं की नाही हा प्रश्न आहे, पण त्याच्या परीनं तो धावला. वर पोचला तेव्हा खालच्या अंगाची मोठी फांदी कापून होत आली होती. उताराकडं झुकलेली, खाली उभं राहून हात पोचेल अशी ती फांदी. चिमाबाईला झाडावर चढवत नाही, ती ह्याच फांदीची जांभळं काढायची, आणि सगळ्यात जास्त ह्याच फांदीला लागायची. कैलास ओरडला, "थांबा, मी खोटं बोललो." करवतीच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. तो आणखी जवळ गेला आणि पुन्हा ओरडला. करवतवाल्यानं कानाला हात लावून विचारलं, काय? तिसऱ्यांदा कैलासनं जीव खाऊन बोंब ठोकली, "मी खोटं बोललो, गणित न्हवतं." नेमकी तेव्हा करवत बंद झाली होती. फांदी कडाडून खाली गेली, आणि त्यानंतरच्या शांततेत त्याचे शब्द ठाकरवाडीपासून खांडवलीपर्यंत गेले असतील.

शिदू बाजूच्या दगडावर बसला होता. चिमाबाई त्याच्याशेजारी उभी होती. दोघांनी कैलासकडं बघितलं आणि मग फांदीकडं बघितलं. कैलासला त्या दोघांपुढं मान वर करवेना. शनिवार ते सोमवार, एका फोनचं अंतर होतं. ती फांदी करवतीनं तोडली नाही, माझ्या लाजेनं तोडली, असं तो सांगतो, आणि ह्या जागी चहा गार झालेला असतो.

पुढची फजिती देवळाच्या अंगणात झाली. सगळा गाव जमला. कैलासनं लॅपटॉप उघडला, पण लख्ख उन्हात पडद्यावर काही दिसेना. उन्हाचा धंदा करणाऱ्याला उन्हानंच आडवं पाडलं. शेवटी कुणीतरी घोंगडी आणली. ती लॅपटॉपवर पसरली आणि एकेकानं घोंगडीत डोकं घालून बघायचं असं ठरलं. माणूस आत डोकं घालायचा, बाहेर यायचा आणि सरळ कमानीकडं बघायचा. मग कैलासकडं. मग पुढचा. चाळीस-पन्नास माणसांनी असं केलं. तोंडात मारली असती तरी बरं वाटलं असतं, असं त्याला झालं.

हौशीरामआबा सगळ्यांत शेवटी आत गेले आणि दोनदा बघून बाहेर आले. "झाडाचा काई संबंध न्हाई," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "चूक माझी बी हाये. मी वर बोट दाखवलं." मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. कमान काढा असं म्हणायला मात्र कुणाचीच जीभ रेटेना. मेलेल्या माणसाचं नाव होतं ना ते.

तेवढ्यात कैलासची आई सरुबाई पुढं आली. तिनं घोंगडीत डोकं घातलं. ती आत इतका वेळ राहिली की कैलास वाकून म्हणाला, "आये, दिसतंय का?"

"दिसतंय की," आतून आवाज आला. "त्यांच्या नावामागनं ऊन येतंय. तू लय झ्याक काढलंस."

"ह्ये मी न्हाई काढलं, आये. ह्ये खरं हाये."

ती बाहेर आली, पदरानं डोळे पुसले आणि कमानीकडं बघत म्हणाली, "उतरव. उभ्या जन्मात त्या मान्सानं कुनाच्या दारातला उजेड आडवला न्हवता. मेल्यावर तू आडवायला लावलास."

कमानीचा माथा सात तारखेला उतरवला. पाटी आता देवळाच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर लावली आहे. आठ तारखेला गाव पहाटेपासून बसला. सूर्य खोबणीतून आला, उन्हानं अंगण ओलांडलं, ते उंबऱ्यावरून आत सरकलं आणि देवीच्या अंगठ्यांवर थांबलं. मळकट, धुक्यातून गाळून आलेलं ते ऊन होतं. तीन वर्षांच्या खंडानंतर आलं होतं. दोन मिनिटांत गेलंही. मग मागून एक पोरगी म्हणाली, "एवढंच? शिनेमात तर त्वांडापतूर आलतं." लोक हसले. कैलासनं मान खाली घातली. शिदू दाराबाहेर उभा होता, तो हसला नाही आणि रागावलाही नाही. हात जोडून तो डोंगराकडं चालू लागला.

किरण काढणं कैलासनं सोडलेलं नाही. पोटाचा प्रश्न आहे, आणि नवऱ्यामागं ऊन नसेल तर गिऱ्हाईक दुसरीकडं जातं. फक्त आता तो गिऱ्हाइकाला आधी विचारतो, लग्न किती वाजता होतं आणि मांडवाचं तोंड कुठं होतं. त्यावर प्रेरणा सांगते की परवा एकानं रागानं विचारलं, तुम्ही व्हिडिओवाले का वास्तुशास्त्रवाले.

मेच्या अखेरीला कैलास कार्ल्याच्या फाट्यावर गेला. एवढे महिने त्याला तिकडं जायचा धीर झाला नव्हता. चिमाबाई रस्त्याकडंला बसली होती. दरवर्षी तिच्यापुढं दोन टोपल्या भरलेल्या असायच्या, यंदा एक होती आणि तीही अर्धी. कैलास समोर उकिडवा बसला. ती द्रोण भरत होती.

"मावशी, झाड कसं हाये?"

"हाये. वरच्या फांद्यांना लागल्यात. माजा हात पोचत न्हाई, नातू चढतो तवा." तिनं चार जांभळं द्रोणात टाकली आणि थांबून त्याच्याकडं बघितलं. "मी काय इचारते, तुज्या त्या मशिनीत झाड पुसता येतं. मंग फांदी परत लावता येती का?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्यामुळं कैलासला जास्त लागलं.

"येती, मावशी."

"पानं हालतील?"

"हालतील."

"आन् जांभळं?"

"जांभळं बी दिसतील."

द्रोण भरला होता. तो आपल्यालाच देणार असं समजून कैलासनं हात पुढं केला.

"मंग तू तितलीच खा," चिमाबाई म्हणाली, आणि तिनं तो द्रोण मागं थांबलेल्या मुंबईच्या गाडीवाल्याला दिला.